बरण्या चौदा, रविवार एकच

पत्राचा सारांश: नाशिकच्या एका वाचक ताई लिहितात. वय अडतीस, बँकेत नोकरी. घरात नवरा, सासूबाई, अकरा वर्षांची मुलगी आणि सात वर्षांचा मुलगा. २०२४ मध्ये पॅकबंद मसाल्यांविषयीच्या बातम्या आल्या, तेव्हापासून तयार पाकीट घरात आणायचं नाही असं त्यांनी ठरवलं. केक आणि पॅनकेकचं प्रीमिक्स, ढोकळ्याचं पीठ, उपमा मिक्स, सूप पावडर, बटाट्यावर भुरभुरायचा पेरीपेरी मसाला, पिझ्झावर भुरभुरायचा मसाला, गोडा मसाला, गरम मसाला, अगदी बेकिंग पावडरसुद्धा घरचीच. अशा चौदा बरण्या झाल्या. या पावसाळ्यात मात्र सगळंच बिनसलं. बेकिंग पावडरच्या बाटलीचं झाकण उघडताना फटकन उडालं आणि आत दगड. कणकेचं केक प्रीमिक्स दोन महिन्यांत कडवट. पेरीपेरीच्या गुठळ्या, गोड्या मसाल्याला खवट वास. नवरा म्हणतो, "पाकीट आण ना, कशाला एवढा खटाटोप?" सासूबाई म्हणतात, "आम्ही वर्षाचा मसाला करायचो, कधी काही झालं नाही." ताई विचारतात, "माझं नेमकं कुठे चुकतंय? की सगळं सोडून देऊन पाकिटंच आणू?"

ताई,

तुम्ही प्रश्न एकच विचारला आहे, पण त्यात दोन गुंतले आहेत. बरणीतलं का बिघडतं, हा पहिला. आणि चौदा बरण्या भरायच्याच का, नि त्या तुम्हीच का, हा दुसरा. दुसरा तुम्ही थेट विचारलेला नाही, पण पत्राच्या ओळीओळीत तोच आहे. पहिल्याचं उत्तर सोपं, म्हणून आधी ते उरकून घेऊ.

बेकिंग पावडरपासून सुरुवात करते. तुमच्या घरच्या पावडरीतले खाण्याचा सोडा आणि सायट्रिक ॲसिड कोरडे असेपर्यंत शेजारी शेजारी निमूट राहतात. ओलावा मिळाला की त्यांच्यातून कार्बन डायऑक्साइड सुटायला लागतो. केक फुगवणारा वायू तो हाच. नाशिकच्या जुलैतल्या हवेत एवढा ओलावा सहज असतो, आणि सायट्रिक ॲसिडला तो ओढून घ्यायची सवयच आहे. तुम्ही बाटली भरताना, मध्ये एकदोनदा उघडताना जेवढी दमट हवा आत गेली तेवढ्यावर काम सुरू झालं. झाकण घट्ट, वायूला वाट नाही, म्हणून ते उडालं. केकच्या भांड्यात जे व्हायला हवं होतं ते बाटलीतच होऊन गेलं होतं. काचेची बाटली असती तर फुटलीही असती, तेव्हा हे मिश्रण घट्ट झाकणात पुन्हा ठेवू नका.

मग विकतच्या डब्यात असं का होत नाही? तिथे सोडा आणि आम्लाच्या कणांमध्ये कॉर्नफ्लॉर घातलेलं असतं, ते आलेला ओलावा आधी स्वतः पिऊन घेतं. शिवाय त्यातलं आम्ल वेगळ्या जातीचं. बरंचसं आम्ल ओव्हनची उष्णता लागल्याशिवाय कामालाच लागत नाही. त्यामुळे पीठ कालवल्यावर दहा मिनिटं इकडेतिकडे झाली तरी केक बसत नाही. आपल्या सायट्रिक ॲसिडला असा धीर नाही. पाणी दिसलं की ते सुरू.

जाता जाता एक सांगते, कारण 'घरचं' विरुद्ध 'पाकिटातलं' हे भांडण आपण समजतो तेवढं सरळ नाही. आज आपण वापरतो त्या धर्तीची बेकिंग पावडर बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड नावाच्या औषधविक्रेत्याने १८४३ मध्ये बनवली. त्याच्या बायकोला यीस्ट सोसत नसे, म्हणून. तिला अंडीही चालत नसत, तर त्यासाठी त्याने १८३७ मध्ये बिनअंड्याचं कस्टर्ड काढलं होतं. म्हणजे आज ज्या दोन वस्तू पाकिटातल्या म्हणून तुम्ही फडताळाबाहेर काढल्यात, त्या दोन्ही एका घरातली अडचण सोडवायला जन्मल्या.

आता उपाय. सोडा एकटा असेल तर तो कोरड्या डब्यात खूप महिने टिकतो. भांडण लावतं ते शेजारचं आम्ल. तेव्हा प्रीमिक्समध्ये सोडा घाला आणि आम्ल बाहेर ठेवा. आपल्या स्वयंपाकघरात ते रोज असतंच: दही, आंबट ताक, लिंबू, व्हिनेगर. वाटीभर आंबट ताकाला अर्धा छोटा चमचा सोडा हे प्रमाण धरलं की बहुतेक गोष्टी जमतात. ढोकळ्याच्या पिठातही सायट्रिक ॲसिड मिसळू नका, त्याची छोटी पुडी वेगळी करून त्याच डब्यात टाका. आम्लाशिवाय नुसता सोडा मात्र कधीच घालू नका. पदार्थाला साबणासारखी चव येते आणि रंग पिवळट पडतो.

अगदी अडलंच आणि बेकिंग पावडर घरीच करायची झाली, तर वापरायच्या क्षणी करा. पाव चमचा सोडा आणि अर्धा चमचा क्रीम ऑफ टार्टर (हेही एक कोरडं आम्लच). ते नसेल तर सोड्याच्या वजनाच्या पाऊण पट सायट्रिक ॲसिड, म्हणजे अर्धा चमचा सोड्याला पाव आणि अर्ध्या चमच्याच्या साधारण मधोमध. पीठ कालवलं की भांडं लगेच ओव्हनमध्ये गेलं पाहिजे. फोन आला तर घेऊ नका.

तुमच्या केक प्रीमिक्समधली कणीक ही दुसरी अडचण. गव्हाच्या दाण्याला अंकुराचा भाग असतो आणि त्यात तेल असतं. दाणा अखंड असतो तोवर ते तेल आत सुरक्षित. दळलं की त्याला हवा लागते आणि ते हळूहळू खवट व्हायला लागतं. मैद्यातून अंकुर आणि कोंडा काढून टाकलेला असतो, म्हणून मैदा महिनोन् महिने राहतो. मैद्यात जो पौष्टिकपणा कमी, तोच त्याच्या टिकाऊपणाचा फायदा. बाजरीचं पीठ तर याहून घाईचं. ताज्या बाजरीची भाकरी आणि आठवड्याभराच्या पिठाची भाकरी यांतला फरक तुमच्या सासूबाई डोळे मिटून सांगतील.

इथून पुढे प्रत्येक बरणीला लावता येईल असा एकच नियम निघतो: बरणी टिकते ती तिच्यातल्या सर्वांत लवकर बिघडणाऱ्या जिन्नसाएवढीच. तुम्ही उत्तम कोको, स्वच्छ साखर, ताजा सोडा घातलात, पण त्यात दोनच महिने टिकणारी कणीक आहे, तर ते सगळंच दोन महिन्यांत कडू. म्हणून तो नाजूक जिन्नस बरणीत घालायचाच नाही, ऐन वेळी घालायचा. तुमच्याकडे गिरणीतून दर पंधरा दिवसांनी ताजं दळण येतं. मग कणीक प्रीमिक्समध्ये बांधून कशाला ठेवायची?

उदाहरणच देते. एक पुडी करा: एक कप साखर, तीन मोठे चमचे कोको, एक छोटा चमचा सोडा, अर्धा छोटा चमचा मीठ. (कप म्हणजे २४० मिलीचा.) सोडा आणि कोको आधी चाळणीतून एकत्र चाळून घ्या, सोड्याची गुठळी राहिली तर केकमध्ये तेवढाच घास कडू लागतो. ही पुडी पावसाळ्यातसुद्धा दोन-तीन महिने आरामात राहील. केकच्या दिवशी त्यात दीड कप मैदा किंवा कणीक मिसळा. कोमट नाही, साधं एक कप पाणी, पाव कपाहून थोडं जास्त तेल, एक मोठा चमचा व्हिनेगर, चमचाभर व्हॅनिला. फार फेटू नका, कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबा. आठ इंची भांडं, १८० अंश, तीस ते पस्तीस मिनिटं. अंडं नाही, दूध नाही, लोणी नाही. कणकेचा केक जरा भरडसर होतो, अर्धा मैदा घातलात तर मुलांना कळणारही नाही. आठवड्याच्या संध्याकाळी तुमची अकरा वर्षांची मुलगी हे एकटी करू शकेल, ओव्हनमध्ये ठेवण्या-काढण्यापुरतं कुणी मोठं बाजूला असलं म्हणजे झालं. एवढंच बघा की कच्चं पीठ चाटून बघायची सवय लागू नये. पीठ भाजलेलं नसतं आणि त्यात जंतू असू शकतात.

आता मसाले. सासूबाई म्हणतात ते खोटं नाही. वर्षाचा मसाला टिकायचा. पण तो कसा टिकायचा हे त्यांना नीट विचारा, कारण मोठ्या माणसांना त्यातल्या निम्म्या गोष्टी इतक्या अंगवळणी पडलेल्या असतात की सांगाव्याशाच वाटत नाहीत. मिरच्या एप्रिल-मेच्या उन्हात कडकडीत वाळायच्या, देठ खुडताना कटकन मोडायच्या. धणे, खोबरं, तीळ प्रत्येक जिन्नस वेगळा भाजला जायचा, पूर्ण गार झाल्याशिवाय कांडपाला जायचा नाही, आणि कांडून आलेला मसालाही यंत्राच्या उष्णतेने गरम असायचा म्हणून पुन्हा ताटात पसरायचा. मग मोठ्या बरणीत दाबून भरून, वर हिंगाचे खडे, तोंडाला फडकं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ती मोठी बरणी रोज उघडलीच जायची नाही. महिन्याकाठी एकदा उघडून वरच्या वापराच्या डब्यात काढून घ्यायचं. वसई आणि मुंबईतल्या ईस्ट इंडियन (म्हणजे मूळच्या इथल्याच कॅथलिक) घरांत बॉटल मसाला याच दिवसांत होतो आणि गडद रंगाच्या बाटल्यांत ठासून भरला जातो. हवा आणि उजेड दोन्ही बाहेर. तंत्र तेच.

शिवाय त्या काळी खाणारी तोंडं दहा-बारा. वर्षाचा मसाला बरेचदा वर्ष संपायच्या आतच संपायचा. आणि करणारे हात? जाऊ, नणंद, शेजारीण, भाजायला एक, निवडायला दोन, चाळायला तिसरी. तुम्ही एकट्या, रविवारी दुपारी, मिक्सरच्या भांड्यात. तुलनाच होत नाही. तुम्ही ती करून घेता आणि मग स्वतःला कमी ठरवता, हे मला पत्रात सर्वांत जास्त खटकलं.

गोड्या मसाल्यात सुकं खोबरं आणि तीळ असतात, दोन्ही तेलकट. खवट वास तिथूनच येतो. धणे, दगडफूल, दालचिनी, लवंग, नागकेशर हे सगळं भाजून कुटून वेगळं ठेवा, ते सहा महिने छान राहील. खोबरं-तीळ दर महिन्याला मूठभर भाजून, कुटून त्यात मिसळा. किंवा सगळा मसाला लहान लहान पुड्यांत फ्रीजरमध्ये. बाहेर काढलेली पुडी मात्र खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा. गार पुडी उघडली की हवेतली वाफ मसाल्यावरच जमते आणि केलेलं सगळं वाया.

पेरीपेरीची गोष्ट वेगळी. त्यात मीठ, पिठीसाखर, आमचूर, लसणाची पावडर. चौघंही पाणी ओढणारे. विकतच्या पुडीवर बारीक अक्षरात आयएनएस ५५१ लिहिलेलं दिसेल. ते सिलिकॉन डायऑक्साइड, गुठळ्या होऊ नयेत म्हणून घालतात. घरी त्याऐवजी वाटीभर मसाल्याला चमचाभर कोरडं भाजलेलं तांदळाचं पीठ चालतं. मीठ वगळूनच बरणी भरली तर निम्मा त्रास तिथेच संपतो, मीठ बटाट्यावर वेगळं भुरभुरायला काय जातं?

आता तुम्हीच आठवून सांगा, तुम्ही मसाला कढईवर थेट बरणीतून झटकता का? मला खात्री आहे, झटकता. सगळेच झटकतात. उकळत्या भाजीवर बरणी उलटी धरली की दोन सेकंदांत वाफ आत शिरते. वरचा थर ओला होतो, रात्री तो सुकून कडक होतो, दुसऱ्या दिवशी त्याच्यावर पुन्हा वाफ. आठवड्याभरात खडा. कोरड्या चमच्याने आधी वाटीत काढा आणि वाटी कढईकडे न्या. ओट्यावर गॅसच्या वरच्या फळीवर ठेवलेल्या बरण्याही तिथून हलवा. ती जागा सोयीची आहे, पण स्वयंपाकघरातली सगळ्यात गरम आणि दमट जागा तीच.

गुठळी फोडून वापरता येते. बुरशी मात्र नाही. पांढरट, हिरवट जाळं दिसलं, कुबट वास आला की पूर्ण बरणी टाकायची, चाळून 'खालचं चांगलं आहे' असं करायचं नाही. मिरची, शेंगदाणे, मका यांवरच्या काही बुरशींचं विष, त्याला अफ्लाटॉक्सिन म्हणतात, भाजल्याने पूर्ण जात नाही. पोरकिडे हा त्यामानाने साधा त्रास. नवीन आणलेलं पीठ, रवा, बेसन चार दिवस फ्रीजरमध्ये ठेवून मग डब्यात भरलं की त्यांची अंडी मरतात.

आता तुमच्या मूळ निर्णयाबद्दल. एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँगच्या अन्नसुरक्षा विभागाला काही भारतीय पॅकबंद मसाल्यांत इथिलीन ऑक्साइड सापडलं, सिंगापूरनेही एक मसाला परत मागवला. बातमी खरी होती आणि घाबरायला होणं साहजिक होतं. पण ते रसायन वापरतात ते मसाल्यातले जंतू मारायला, आणि जंतू अख्ख्या धण्यांत, मिरीतही असतात. माल बाजारात येईपर्यंत त्याच्यावर काय झालं हे मिक्सरला माहीत नसतं. तुम्ही घरी कुटलंत म्हणून मिरीचा इतिहास पुसला जात नाही. घरी कुटण्याचा खरा फायदा दुसरा आहे: अख्खी हळकुंडं आणि अख्खी मिरची आणलीत तर पावडरीत होणारी रंगाची, भुशाची भेसळ टळते. हा फायदा मोठा आहे. म्हणून हळद, तिखट, धणेपूड, गरम मसाला अख्ख्यापासून करणं मला पटतं.

पण केक प्रीमिक्स, इडली मिक्स, गुलाबजाम मिक्स ही पाकिटं टिकतात ती मुख्यतः कोरडी असल्यामुळे. पुण्याच्या गिट्सने १९६३ पासून असली पाकिटं विकायला सुरुवात केली, आणि त्या काळच्या नोकरदार बायकांनी ती का घेतली असतील हे तुम्हाला मी सांगायला नको. पाकीट उलटून बघा. आपल्याकडे जिन्नस वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. केकच्या पाकिटावर साखर आणि मैदा पहिल्या दोन जागांवर असतील. सूपवर कॉर्नफ्लॉर, साखर, मीठ यांच्यापासून सुरुवात झालेली दिसेल. चिप्सवरच्या मसाल्यात मीठ वर असेल. वाचून 'हे तर माझ्या घरात आहे' असं वाटलं तर ती वस्तू घरी करण्यात पैसे वाचतात आणि साखर-मीठ आपल्या हातात राहतं. मात्र घरच्या सूपमध्ये तेवढंच मीठ घातलंत तर ते घरचं आहे एवढ्याने पौष्टिक होत नाही, हेही लक्षात असू द्या. आणि जिथे जिन्नसांची यादी वाचून 'हे आणायचं कुठून?' असा प्रश्न पडतो, तिथे पाकीट आणावं. बेकिंग पावडर त्यातलीच. कॉर्नफ्लॉर त्यातलं. कस्टर्ड पावडर म्हणजे कॉर्नफ्लॉर, रंग आणि वास. ती घरी केली काय, आणली काय.

नवऱ्याचं म्हणणं. "कशाला खटाटोप" हे वाक्य मी खूप पत्रांत वाचते आणि ते बहुधा खटाटोप न करणाऱ्या माणसाचंच असतं. तरी त्यात एक रास्त मुद्दा आहे. तो पाकिटाची किंमत मोजतो, तुमचे तास मोजत नाही. पण ताई, तुम्ही तरी ते कुठे मोजता? रविवारची दुपार फुकटची आहे असं धरूनच तुमचा हिशेब चालतो. एकदा लिहून काढा, कुठली बरणी भरायला किती वेळ गेला आणि ती किती दिवस पुरली. पिझ्झाचा मसाला घरात महिन्यातून एकदा लागत असेल, आणि त्यासाठी ओरेगॅनो, तुळस, लसूण पावडर वेगवेगळी आणून अर्धी अर्धी बाटली वास उडून गेल्यावर टाकावी लागत असेल, तर तो घरचा मसाला पाकिटापेक्षा महाग पडला.

आणि नवऱ्याला उत्तर म्हणून वाद घालू नका, काम द्या. भाजणं हे हात आणि लक्ष मागणारं काम आहे, कौशल्य त्यात पंधरा मिनिटांत येतं. मंद आच, सतत हलवणं, रंग बदलायच्या आधी वास बदलतो तिथे उतरवणं. रविवारी तो मेतकूट भाजू दे.

मेतकुटाचं नाव घेतलं ते उगीच नाही. चौदांतून चार बरण्या ठेवा असं मला तुम्हाला सांगायचं आहे, आणि त्यात ते पहिलं. कोरड्या मिश्रणाचा इतका जमलेला नमुना दुसरा नाही. एक वाटी चणाडाळ, अर्धी वाटी तांदूळ, पाव वाटी उडीदडाळ, दोन चमचे गहू. धणे, जिरं, थोडी मोहरी, अगदी थोडी मेथी. सगळं वेगवेगळं कोरडं भाजायचं, गार करायचं, सुंठ, हळद, हिंग, जरासं तिखट घालून बारीक दळून चाळायचं. मीठ नाही घालायचं, ते भातात घालायचं. यात खवट होणारं तेलकट काही फारसं नाही, सगळं भाजून कोरडं झालेलं. मऊ भात, तूप, मेतकूट म्हटलं की सात वर्षांचा मुलगा ताट सोडून उठणार नाही. प्रमाणं घराघरांत बदलतात, सासूबाईंचं वेगळं असेल तर त्यांचंच घ्या. त्यांनाही बरं वाटेल.

दुसरी बरणी कोकोच्या पुड्यांची. तिसरी गरम मसाल्याची, थोडी थोडी, सहा-आठ आठवड्यांना पुरेल एवढीच. चौथी उपम्याची, पण फोडणीशिवाय. फोडणी घातलेल्या रव्यात तेल असतं, कढीपत्ता जरा जरी मऊ राहिला तर तोही बिघडतो. नुसता खमंग भाजलेला रवा, त्यात सुंठ आणि जिरं. फोडणी रोजची रोज करायला तीन मिनिटं लागतात. ज्यांना प्रवासाला किंवा होस्टेलवर फोडणीसकट मिक्स न्यायचंच आहे त्यांनी कढीपत्ता चुरचुरेपर्यंत तळावा, ताजं आलं-मिरची-वाटाणा काही घालू नये, आणि महिन्याच्या आत संपवावं. प्रत्येक बरणीवर तारीख, आणि एक वाटी मिक्सला पाणी किती, हे चिकटपट्टीवर लिहा. ते लिहिलेलं असलं की तुमच्याशिवाय दुसरं कुणीही उपमा करू शकतं. सध्या हे सगळं फक्त तुमच्या डोक्यात आहे, म्हणून स्वयंपाकघर तुम्हाला सोडत नाही.

अशीच पत्रं परदेशी निघालेल्या मुलांच्या आयांचीही येतात, त्यांच्यासाठी दोन ओळी. युरोपीय संघातल्या देशांत प्रवाशाच्या सामानातून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, तेव्हा जर्मनीला जाणाऱ्या मिक्समध्ये दूध पावडर घालू नका, ती तिथे मिळते. ऑस्ट्रेलियात उतरताना खाण्याची प्रत्येक वस्तू अर्जावर जाहीर करावी लागते, घरची असो वा दुकानातली. पुडीवर जिन्नसांची नावं इंग्रजीत लिहून ठेवली की तपासणीला सोपं जातं. आणि सोसायटीतल्या मैत्रिणी "आम्हाला पण करून दे" म्हणतात असं तुम्ही शेवटी ओझरतं लिहिलंय. आनंदाने द्या, पण पैसे घेऊन विकायचं ठरलं तर घरगुती व्यवसायालाही अन्नसुरक्षा नोंदणी लागते, आणि तेव्हा तासांचा हिशेब लावल्याशिवाय दर ठरवू नका.

आता या शनिवारी काय करायचं ते सांगते. चौदाही बरण्या ओट्यावर मांडा आणि एकेकीचा वास घ्या. खवट, कुबट ती लगेच बाहेर. सोडा आणि सायट्रिक ॲसिडचं मिश्रण सिंकमध्ये पाणी सोडून वाहून जाऊ द्या, त्याने सिंक थोडा स्वच्छच होईल. मैद्याचं प्रीमिक्स चांगलं असेल पण फुगत नसेल, तर कपाला एक चमचा ताजी बेकिंग पावडर घालून त्याचे पॅनकेक करून संपवा. ही पावडर जिवंत आहे का हे बघायला चमचाभर पावडरीवर गरम पाणी ओता, जोरात फसफसली तर चांगली. उरलेल्या बरण्यांपैकी दिवाळीपर्यंत ज्या संपतील त्या संपू द्या, पुन्हा भरू नका.

आणि किराण्याच्या यादीत बेकिंग पावडर लिहा. लहान डबा.